श्रीखंडाचा डबा, एक्सा ब्लेड आणि 1966ची मस्टँग

परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, नखं अशी काळी का झालीयेत, मी म्हटलं ब्रेकचं काम करत होते, तर पलीकडे एकदम शांतता. मग हळूच, "तिथे मेकॅनिक नाहीत का गं?" आहेत ना, भरपूर आहेत, पण तासाला शंभर डॉलरच्या वर मजुरी घेतात आणि त्यातल्या तरुण पोरांना कार्बोरेटर दाखवला तर ते असे बघतात जसं मी त्यांच्यापुढे पाटा-वरवंटा ठेवलाय. म्हणून मग आपणच.

तर मी एक जुनी मस्टँग घेतलीय आणि ती स्वतःच दुरुस्त करते, बऱ्याच जणांनी विचारलं होतं त्या गाडीबद्दल, एकदाच लिहून टाकते. मी डेट्रॉइटच्या जवळ राहते, मिशिगनमध्ये, अकरा वर्षं झाली. नोकरी गाड्यांच्याच धंद्यात पण सॉफ्टवेअरची, म्हणजे गाडीच्या पोटात काय असतं ते मी आजवर स्क्रीनवरच बघितलेलं. सांगलीत आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, पण बाबांनी कधी बोनेट उघडून आत हात घातलेला मला आठवत नाही. पाणी बघायचं तरी मिस्त्री. आपल्याकडे बँकेतला माणूस गाडीखाली शिरला तर गल्लीत चर्चा होईल की यांचं काही खरं नाही. इथे उलटं आहे, आमच्या रस्त्यावर एक दाताचे डॉक्टर आहेत, शनिवारी त्यांचे फक्त पाय दिसतात, बाकीचे डॉक्टर गाडीखाली.

गाडी आहे 1966ची फोर्ड मस्टँग, दोन दारांची, साधी सहा सिलिंडरवाली. मस्टँग म्हटलं की लोकांना व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरवाली वाटतं, ढुम ढुम आवाजाची, तसं काही नाही हो. ही त्या काळातल्या टायपिस्ट मुलींनी, नव्या लग्नाच्या जोडप्यांनी हप्त्यावर घेतलेली गाडी. 17 एप्रिल 1964ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये पहिल्यांदा दाखवली आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख बनल्या, म्हणून तर आजही परवडते. माझीचं इंजिन 200 क्युबिक इंचाचं, 120 हॉर्सपॉवर, आणि ओळखायची सोपी खूण म्हणजे सहा सिलिंडरवालीच्या चाकाला चारच नट असतात, व्ही-एटला पाच.

बघायला गेले तेव्हा शेजारच्या आजोबांना बरोबर नेलं होतं. ते प्लांटमधून रिटायर झालेले, ऐंशीच्या पुढचे, आणि इथल्या पद्धतीने त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभ अजून वळत नाही, मी मनात आजोबाच म्हणते. त्यांनी सांगितलेलं की एक मॅग्नेट बरोबर घे. माझ्याकडे फ्रिजवरचा गणपती होता तोच घेतला. रुमालात गुंडाळून बॉडीवर फिरवायचा, जिथे पत्रा आहे तिथे चिकटतो, जिथे लांबी (पुट्टी) भरलीय तिथे घसरतो. दारावर चिकटला, बोनेटवर चिकटला, मागच्या चाकाच्या वर आला आणि सुळकन खाली. दोन्ही बाजूंना तसंच. विकणारा माणूस तिकडे आकाशाकडे बघायला लागला. हजार डॉलर तिथल्या तिथे कमी झाले, बाप्पा पावला म्हणायचं.

मिशिगनमध्ये जुन्या गाडीचा खरा शत्रू म्हणजे मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि गंमत म्हणजे डेट्रॉइट शहराच्या खाली हजारेक फुटांवर मिठाची खाणच आहे, म्हणजे वर गाड्या बनवायच्या आणि खालचं मीठ काढून त्याच गाड्या खायच्या. त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल ही बाई गॅरेजमध्ये चादर घेऊन झोपते.

नंबर वाचायला शिकले ती रात्र मला फार आवडली. गाडीच्या नंबराची सुरुवात सहा-एफ-शून्य-सात-टी अशी आहे. सहा म्हणजे 1966, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा प्लांट, शून्य-सात म्हणजे ही हार्डटॉप, पक्क्या छपराची बॉडी, टी म्हणजे हे इंजिन. डिअरबॉर्न माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. म्हणजे सगळं आयुष्य फिरून बाई माहेरच्या गावातच राहिली, मीच काय ती सात समुद्रापलीकडून आलेली.

आता कामाचं. पहिल्याच उन्हाळ्यात सिग्नलला उभी राहिली की आचके द्यायची आणि बंद पडायची, थंड असताना चांगली, तापली की नखरे. आधी मी पेट्रोलवर संशय घेतला, कारण इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्या त्याने कुजतात, त्या सगळ्या बदलल्या, फिल्टर बदलला, काही फरक नाही. मग डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचं झाकण काढलं तर आत पॉइंट जळून काळेठिक्कर.

ज्यांना पॉइंट माहीत नाहीत त्यांच्यासाठी, तो एक बारका स्विच आहे, इंजिन फिरतं तसा उघडतो-मिटतो, आणि प्रत्येक वेळी उघडला की कॉइल एक ठिणगी मारते. तो किती उघडावा याचं माप असतं. माझ्या गाडीचं शॉप मॅन्युअल, म्हणजे दुरुस्तीचं पुस्तक, म्हणतं इंचाचे हजार भाग केले तर त्यातले 25, मेकॅनिकच्या भाषेत पंचवीस थाऊ. (1966चं मॅन्युअल आजही नवीन छापून मिळतं, माझ्या प्रतीवर आता हळदीच्या डागासारखे ऑइलचे डाग आहेत.) फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ऑर्डर केलं होतं पण ते सोमवारी येणार, आणि आज शनिवार. तेव्हा मला आमच्या पद्मिनीचे मिस्त्री आठवले.

आता त्यांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, गॅरेज मुलगा बघतो. बाबांनी नंबर दिला, मी व्हिडिओ लावला, तिकडे रात्र झालेली, जेवून बसले होते. कॅमेरा इंजिनावर नेला तर म्हणाले, "अगं ही तर डॉजच्या बहिणीसारखी दिसतीया." कारण त्यांची सुरुवात झाली तीच अमेरिकन गाड्यांवर. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने 1947पासून मुंबईत डॉज, प्लायमाउथ आणि फार्गो ट्रक जोडायला सुरुवात केली, त्यातली एक म्हातारी डॉज टॅक्सी सांगलीत त्यांच्या उस्तादांकडे यायची, तिच्यावर मिस्त्री शिकले. म्हणजे अमेरिकन सिक्स सिलिंडर उघडायला ज्या पोरीला डेट्रॉइटला यावं लागलं, तिच्या गल्लीतच तो माणूस बसलेला होता आणि मी त्याला पद्मिनीवाला समजत होते.

"पुस्तकात गॅप किती लिहिलीय?"

"पंचवीस थाऊ."

"मग एक्सा ब्लेड घाल की. नवीन घे, वापरलेलं नको."

लोखंड कापायच्या करवतीचं पातं. माझा विश्वासच बसेना. पण दुसरं काही नव्हतं, गॅरेजमध्ये एक नवं पातं होतं, ते घेतलं. त्यांनी एकेक सांगितलं: इंजिन पान्याने हाताने फिरव, पॉइंटचा टेकू कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) उंचवट्यावर येऊ दे, पूर्ण उघडला पाहिजे, आता स्क्रू सैल कर, पातं सपाट भागाने घाल, दातांनी नको, ओढताना लोण्यातून सुरी काढल्यासारखं नुसतं जाणवलं पाहिजे. मग स्क्रू आवळ आणि परत बघ, कारण आवळताना गॅप हलतो. हललाच. तीनदा हलला. चौथ्यांदा बसला. गाडी चालू झाली आणि आयडलिंगला अशी शांत की मिस्त्री फोनवरून म्हणाले, "चालू हाय का बंद पडली?"

सोमवारी गेज आलं तेव्हा आधी मी ते पातं मोजलं. पंचवीस थाऊ. बरोब्बर. मग नंतर कळलं की हॅक्सॉच्या साध्या पात्याची जाडीच तेवढी असते, जगात कुठेही घ्या. पद्मिनीला हे माप चालायचं नाही, डॉजला थोडं कमी लागतं, ते त्यांना पाठ होतं, म्हणून तर आधी पुस्तकात काय लिहिलंय ते विचारलं.

पॉइंटबरोबर नवा कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा पार्ट) पण टाकला होता, तो चाळीस मैलांत मेला. रस्त्याच्या कडेला जुनाच परत लावला आणि घरी आले. तो जुना अजून चालतोय. आता नवा पार्ट टाकला की जुना डिकीत ठेवते.

ब्रेकची गोष्ट जास्त घाबरवणारी आहे. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. म्हणजे चारातल्या एका चाकाला कुठे गळती लागली की पेडल थेट जमिनीला आणि चारही ब्रेक गेले. 1967च्या मस्टँगपासून दोन कप्पे आले, पुढचे वेगळे, मागचे वेगळे. मला एका पावसाळी संध्याकाळी पेडल मऊ लागलं, घरी येऊन बघितलं तर मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल. व्हील सिलिंडर, म्हणजे चाकापाशी तो दाब घेऊन ब्रेक लावणारा, गळत होता. म्हटलं आता अर्धवट नको, चारही व्हील सिलिंडर, शू (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे), नळ्या सगळं नवीन, आणि दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर. ओरिजिनल-ओरिजिनल करणारे लोक नाकं मुरडतात, मुरडू देत, मला हायवेवर जायचं असतं.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावूनच, हे आजोबांनी इतक्यांदा सांगितलं की आता मी नवऱ्याला सांगते. जुन्या शूच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो म्हणून ती फुंकायची नाही, कॉम्प्रेसर मारायचा नाही, ओली करून पुसायची. आणि पाने! आपल्याकडे दहा-अकरा, बारा-तेरा मिलिमीटर. इथे इंचात, 7/16, 1/2, 9/16. घाईत मी अर्ध्या इंची नटाला तेरा नंबरची गोटी (सॉकेट) लावली, बसते हो, जवळजवळ बसते, आणि त्या जवळजवळमध्येच नटाचे कोपरे गोल झाले. तो एक नट काढायला दीड तास.

मग खरी चूक. ड्रमच्या आत दोन शू असतात, एकाचा लायनर (घासणारं अस्तर) आखूड, एकाचा लांब. आखूड पुढच्या बाजूला, लांब मागे. मी डावीकडे दोन्ही लांब लावले आणि उजवीकडे दोन्ही आखूड, आणि वर स्वतःवर खूश. आजोबा येऊन बघून काही बोलले नाहीत, नुसतं विचारलं, एका वेळी एकच बाजू का नाही उघडलीस? दुसरी बाजू नमुना म्हणून राहते. आता इतकं साधं ते मला का सुचू नये?

ते दुरुस्त केलं तरी आठवडाभर पेडल रोज थोडं खाली जायचं. कुठेच गळती नाही, दोनदा ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढली, तेही एक नाटक होतं, नवरा आत पेडलवर आणि मी खाली, "दाब! धरून ठेव! सोडलंस?" "तू म्हणालीस ना सोड!" "मी म्हटलं सोडू नको!" आणि गेली हवा परत आत. शेजारी खिडकीत. पण दोष हवेचा नव्हताच. शूच्या खाली दातेरी चाकाचा एक अ‍ॅडजस्टर असतो, रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की तो आपोआप जरासा फिरतो आणि शू ड्रमच्या जवळ नेतो. त्याचे आटे डाव्या आणि उजव्या बाजूला उलटे असतात. माझ्याकडून अदलाबदल झालेली. म्हणजे मी रोज सकाळी ड्राइव्हवेतून मागे येताना ब्रेक मारत होते आणि गाडी इमानदारीत स्वतःचे ब्रेक ढिले करत होती.

या सगळ्यात मला आपल्या पद्मिनीचं वाईट वाटतं, खरंच. इथे साठ वर्षांच्या गाडीच्या दाराच्या हँडलखालचं रबरी गॅस्केटसुद्धा कॅटलॉगमध्ये असतं, तीन दिवसांत दारात. अख्खी नवी बॉडी मिळते पत्र्याची. म्हणून माझ्यासारखी शिकाऊ पण ही गाडी चालवू शकते. पद्मिनीला हे सुख नव्हतं, ती टिकली ती मिस्त्रींसारख्या माणसांच्या हातावर, कुठला रबर कुठल्या स्कूटरचा बसतो हे डोक्यात असलेल्या. 2023च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, मी पण टाकला. मिस्त्रींच्या डोक्यातलं मात्र कोणी लिहून घेतलेलं नाही. मी आता दर रविवारी थोडं थोडं विचारते आणि रेकॉर्ड करते, त्यांना वाटतं मला गाडी जमत नाहीये.

ऑगस्टचा तिसरा शनिवार म्हणजे वुडवर्ड ड्रीम क्रूझ. 1995मध्ये डेट्रॉइटजवळच्या फर्नडेलमध्ये सॉकरच्या मैदानासाठी पैसे जमवायला कोणीतरी जुन्या गाड्यांची फेरी काढली, आता वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर पार पाँटिअ‍ॅकपर्यंत मैलोन्‌मैल गाड्या. मिशिगनची हिस्टॉरिक, म्हणजे जुन्या गाड्यांची खास नंबर प्लेट असेल तर एरवी शो आणि परेडलाच गाडी काढता येते, पण ऑगस्टमध्ये कुठेही चालवा, भाजी आणा, देवळात जा. मी पण गेले. मुंगीच्या पावलाने ट्रॅफिक, टेंपरेचरचा काटा वर, शेवटी हीटर चालू केला इंजिनची गरमी आत घ्यायला, ऑगस्टच्या दुपारी, खिडक्या उघड्या, घामाच्या धारा. बाजूच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेल्या एका बाईने हात केला, मी पण केला.

येताना पाऊस आला आणि पाय भिजले. या मस्टँगचा हा जन्मजात रोग, काचेच्या पुढे हवा घ्यायची जी जाळी असते तिच्यातून पानं-कचरा आत जातो, तिथे ओल धरून पत्रा सडतो, आणि पाणी थेट ड्रायव्हरच्या पायावर. नीट करायचं तर तो सगळा भाग उघडायचा, शंभराच्या वर स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) ड्रिलने काढायचे, आतलं बदलायचं आणि परत वेल्ड. मला वेल्डिंग येत नाही. या हिवाळ्यात कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या क्लासला नाव घातलंय. तोपर्यंत डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला, इंडियन स्टोअरमधून आणलेल्या श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा तारेने बांधलाय, पाऊस पडला की घरी येऊन ओतते.