अर्ध्या तिकिटाची संख्यारेषा

लोकलचं अर्धं तिकीट कुणाला? पाच वर्षं पूर्ण झालेल्या, पण बारा पूर्ण न झालेल्या मुलांना. वय क्ष धरलं तर ५ ≤ क्ष < १२. पाचावर भरीव ठिपका, कारण पाचव्या वाढदिवसापासून तिकीट लागतं. बारावर पोकळ वर्तुळ, कारण त्या दिवशी पूर्ण तिकीट सुरू होतं. मधली रेघ गडद करा.

आता उलटा प्रश्न: अर्धं तिकीट कुणाला नाही? क्ष < ५ किंवा क्ष ≥ १२. इथे पाच पोकळ, बारा भरीव. उजवीकडे बाण. डावीकडची रेघ मात्र शून्यावर भरीव ठिपका देऊन थांबते, कारण वय ऋण नसतं. नुसतं गणित असतं तर तिथेही बाण आला असता.

हे दुसरं उत्तर बरीच मुलं १२ ≤ क्ष < ५ असं एका दमात लिहितात. वाचून बघा: बारा हे पाचापेक्षा लहान! ‘किंवा’ची अशी साखळी होत नाही, दोन तुकडे वेगळेच लिहायचे.

गोंधळ होत असेल तर मुख्य रेषेच्या वर, वेगवेगळ्या उंचीवर, पेन्सिलीने दोन्ही अटींच्या रेघा काढा. ‘आणि’ असेल तर दोन्ही रेघा जिथे आहेत तेवढाच भाग खाली उतरवा. ‘किंवा’ असेल तर निदान एक रेघ आहे तो सगळा. मग क्ष < २ आणि क्ष > ५ यात काहीच उरत नाही, आणि क्ष > २ किंवा क्ष < ५ यात अख्खी रेषा येते, हे पाठ करावं लागत नाही.

खरे गुण जातात ते ऋण संख्येने भागताना. १ ≤ ५ − २क्ष < ९ घ्या. तिन्ही ठिकाणी ५ वजा केले: −४ ≤ −२क्ष < ४. −२ ने भागताना दोन्ही चिन्हं फिरतात: २ ≥ क्ष > −२, म्हणजेच −२ < क्ष ≤ २. एकच चिन्ह फिरवणारेही भेटतात. शेवटी सरळ लिहिताना ‘≤’ आता २ च्या बाजूला आलं, इकडे लक्ष हवं. ठिपके इथेच चुकतात. टोकं मूळ गणितात घालून बघा: क्ष = २ ला १ येतो, चालतो, म्हणून भरीव. क्ष = −२ ला ९ येतात, चालत नाहीत, म्हणून पोकळ.

आणि क्ष पूर्णांक आहे असं प्रश्नात म्हटलं असेल, तर रेघ ओढायचीच नाही. −१, ०, १, २ वर चार सुटे ठिपके.