आवाज शाबूत, तबलजी गायब

पुण्यात आमचं जुन्या रेकॉर्डिंगचं काम चालतं. त्या दिवशी एक ताई वडिलांची हार्डडिस्क घेऊन आल्या. काकांनी, म्हणजे ताईंच्या वडिलांनी, आयुष्यभर घरगुती बैठकी कॅसेटवर रेकॉर्ड केलेल्या, रिटायर झाल्यावर स्वतः कॉम्प्युटरवर घेतल्या आणि मंकीज ऑडिओ म्हणजे एपीई फॉरमॅटमध्ये ठेवल्या. फॉरमॅट लॉसलेस आहे, आवाजाला काही धक्का नाही, पण ताईंच्या आयफोनवर वाजेना. "बाबांनी सगळं लिहून ठेवलंय हो, तेवढं जाऊ देऊ नका," एवढंच त्या म्हणाल्या.

टॅग, म्हणजे फाइलच्या आतच लिहून ठेवलेली माहिती, उघडले आणि मी बघतच बसलो. गाणाऱ्याचं नाव, बंदिशीचे बोल हे तर होतंच, पण राग, ताल, तबला, पेटी, तानपुरा, ठिकाण असे वेगळे फील्ड म्हणजे रकाने काकांनी स्वतः बनवलेले. फील्डचं नाव रोमनमध्ये आणि आतली माहिती शुद्ध देवनागरीत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, त्यामुळे बडा ख्याल कुठे तुटलाय आणि पुढचा भाग कुठल्या फाइलमध्ये आहे तेसुद्धा कॉमेंटमध्ये लिहिलेलं!

ठरवलं असं की जपून ठेवायला फ्लॅक हा दुसरा लॉसलेस फॉरमॅट आणि ताईंच्या फोनसाठी ॲपलचा स्वतःचा लॉसलेस फॉरमॅट, एमफोरए फाइलमध्ये, कारण आयफोनच्या म्युझिक ॲपला फ्लॅक चालत नाही. आधी एकच फोल्डर एफएफएमपेग या फॉरमॅट बदलणाऱ्या प्रोग्राममधून काढला. मूळ फाइल आणि नवी फाइल दोन्हींमधून निघणाऱ्या ऑडिओचा एमडीफाइव्ह, म्हणजे डेटावरून काढलेला ठशासारखा आकडा, ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. बरेच जण इथेच थांबतात आणि जुन्या फाइली उडवून मोकळे होतात.

मी टॅगही शेजारी शेजारी ठेवून बघतो. एमफोरएमध्ये मारव्याची बंदिश होती, गायकाचं नाव होतं, आणि राग, ताल, तबला, पेटी काहीच नाही! एरर नाही, वॉर्निंग नाही. एफएफएमपेग एमफोरए बनवताना त्याला माहीत असलेलेच ठरावीक फील्ड लिहितो, बाकीचे गुपचूप सोडून देतो. सगळे लिहायला लावणारा एक ऑप्शन आहे पण तो माहिती वेगळ्या पद्धतीने लिहितो आणि मग म्युझिक ॲपला साधं टायटलसुद्धा सापडत नाही, म्हणजे तोही उपयोगाचा नाही.

फ्लॅकमध्ये मनासारखे फील्ड करता येतात म्हणून तिकडे मी निश्चिंत होतो, पण तिथे दुसरंच निघालं. काकांनी तानपुऱ्यावर दोन नावं दिलेली, फ्लॅकमध्ये एकच आलं. एपीईच्या टॅगमध्ये एका फील्डात अनेक नावं असली की मध्ये शून्य किमतीचा एक बाइट असतो, आणि वाचणारा प्रोग्राम तिथेच मजकूर संपला असं समजला. मला हे फार लागलं. तानपुऱ्यावर बहुतेक वेळा शिष्य बसतात, त्यांचं नाव ना कुठल्या कॅसेटच्या कव्हरवर ना पेपरात, अशा घरगुती बैठकीत ती व्यक्ती होती याचा पुरावा म्हणजे हा एवढाच टॅग. आपल्याकडे गायक, गाणं, अल्बम या तीन रकान्यांत मैफल मावतच नाही आणि हे फॉरमॅट बनवणाऱ्यांनी तेच तीन रकाने गृहीत धरलेले.

मग कन्व्हर्जन आणि टॅग ही दोन कामं वेगळी केली. ऑडिओ एफएफएमपेगने, टॅग पायथनच्या म्युटाजेन लायब्ररीने मूळ फाइलीतून वाचून. फ्लॅकमध्ये एकच फील्ड कितीही वेळा लिहिता येतो, त्यामुळे तानपुऱ्याच्या दोन ओळी झाल्या आणि दोन्ही नावं बसली. एमफोरएमध्येही वेगळे फील्ड लिहिले, पण फोनच्या स्क्रीनवर ते दिसत नाहीत, म्हणून राग, ताल, साथीदार, ठिकाण हा सगळा मजकूर लिरिक्सच्या फील्डमध्येही टाकला. गाणं लावलं की तो उघडून वाचता येतो. शेवटी प्रत्येक फाइलचे टॅग मूळ टॅगशी स्क्रिप्टने जुळवून घेतले, एकही नाव कमी नाही अशी खात्री झाल्यावरच डिस्क परत दिली, आणि मूळ एपीई फाइली अजिबात डिलीट करू नका असं ताईंना दोनदा सांगितलं.

त्यांनी फोनवर पहिलीच बैठक लावली, लिरिक्स उघडलं आणि म्हणाल्या, "पेटीवरचे काका आमच्याच वाड्यात राहायचे, त्यांच्या मुलाला पाठवते ही फाइल." त्याच्याकडे अँड्रॉइड होता, म्हणून त्याला फ्लॅक पाठवा म्हटलं.