"झोपली होतीस का गं?"

परवा दुपारी अडीचला फोन वाजला. मी गाढ झोपेत, गालावर अभ्र्याची नक्षी उमटलेली, आणि पलीकडून काकू विचारतायत, "झोपली होतीस का गं?" मी घसा साफ करून ताबडतोब, "छे छे, जागीच होते!" का पण? दुपारी झोपणं हा काय गुन्हा आहे? आवाज चांगला घोगरा लागलेला असतो, समोरच्याला सगळं कळलेलं असतं, तरी "बरं झालं बाई" म्हणून गप्पा सुरू.

बीएला आम्हाला कांट होता, तो जर्मन तत्त्वज्ञ. त्याचं म्हणणं, तुमचं वागणं उद्या सगळ्या जगाचा नियम झालं तर चालेल का ते बघा. सगळेच खोटं वचन देऊन उसने पैसे घ्यायला लागले तर वचनावर कोण विश्वास ठेवेल, मग ते खोटं खपणारच नाही. पाठ करून लिहिलं, मार्कपण मिळाले. पण "जागीच होते" हे तर सगळेच म्हणतात, विश्वास कुणाचाच नाही, तरी मस्त चाललंय की! कांटसाहेब दुपारी त्यांच्या गावी, कोनिग्सबर्गात, ठरल्या वेळी फिरायला जायचे म्हणे, त्यांना कोण झोपेतून उठवणार.

हे झालं गमतीचं. पण खुनी दारात उभा राहून विचारतोय तुझा मित्र आत लपलाय का, तरी खोटं बोलायचं नाही, असंही त्यांनी १७९७ मध्ये लिहून ठेवलंय. आपल्याकडे कर्णपर्वात कौशिक आहे तसाच, कायम खरं बोलायचं व्रत घेतलेला. लोक कुठे लपलेत ते लुटारूंना खरंखरं सांगतो, ते बिचारे मारले जातात, आणि कौशिक जातो नरकात. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो. कृष्णच सांगणार म्हणा.

आमची आजी कांटच्या पंथातली. भाजीवाल्याने चार आणे जास्त दिले तर मला भर उन्हात परत द्यायला पाठवायची. तिचा भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा, गावी वारले तेव्हा तिला नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला. घरात ठरलं, सांगायचं नाही. तिला मोतीबिंदू, पत्रं वाचायचं काम माझं. मग मी त्यांचं एक जुनंच निळं आंतरदेशीय हातात धरून मनचं वाचायचे, आंब्याला मोहोर आलाय, गाय व्यायलीय, माझी तब्येत बरी आहे. सातवीत होते, जमायचं मला. वाचण्यापर्यंत ठीक होतं, पण आजी उत्तर सांगायची. गुडघ्याला तेल लाव, उन्हात हिंडू नकोस, दिवाळीला ये. मी अक्षर न् अक्षर लिहून घ्यायचे आणि नंतर ते फाडून टाकायचे. एकदा मात्र फाडवेना, तेव्हा सरळ पत्ता घालून पोस्टाच्या पेटीत टाकलं.

मामीआजीने त्या पत्राबद्दल कधी काही विचारलं नाही. मीपण नाही.