तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोटीन एआय बनवतं, मग तुम्ही काय करता?

लग्नात, सात रस्त्याला चहा पिताना, आणि परवा तर गल्लीतल्या चादरवाल्या काकांनी पण विचारलं, "सर, प्रोटीनचं सगळं आता एआयच करतंय म्हणे, नोबेल पण मिळालं, मग तुमच्याकडं काय काम उरलं ओ?"

मी बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकवतो आणि कॉम्प्युटरवर नवीन प्रोटीन डिझाइन करतो (जिमच्या डब्यातलं नाही, आधीच सांगतो). 2024 चं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांना मिळालं, पण कामं दोन. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिड नावाच्या छोट्या रेणूंची साखळी, ती घडी पडून एक आकार घेते. गूगल डीपमाइंडच्या हसाबिस आणि जंपर यांचं अल्फाफोल्ड हे एआय ही साखळी बघून तिचा आकार सांगतं. डेव्हिड बेकरचं उलटं, आकार आधी ठरवायचा आणि मग तो आकार घेणारी साखळी शोधायची. काकांना म्हटलं, जकार्ड मागाचं नक्षीचं भोकं पाडलेलं कार्ड बघून चादरीवर काय उमटणार ते ओळखणं वेगळं आणि मोर पाहिजे म्हणून तसं कार्ड पाडणं वेगळं, तेव्हा कुठं त्यांना पटलं.

बेकरच्या लॅबनं 2003 मध्ये टॉप7 केलं, 93 अमिनो ॲसिडचं, निसर्गात कुठं न सापडलेल्या आकाराचं. आता आरएफडिफ्यूजनसारखी एआय मॉडेल्स असे आकार भराभर काढून देतात, ते खरंच आहे.

पण स्क्रीनवर देखणं दिसणं आणि प्रत्यक्षात होणं यात लय अंतर आहे. त्या प्रोटीनचा जीन (म्हणजे ते बनवायची डीएनएतली कृती) मागवायचा, ई. कोलाय या बॅक्टेरियात घालायचा, त्यानं बनवलेलं प्रोटीन वेगळं काढून तपासायचं, आणि तिथं कळतं की काही डिझाइन बनतच नाहीत, काही गुठळ्या होऊन तळाशी बसतात, काही छान विरघळतात पण ज्याला चिकटायला पाहिजे त्यालाच चिकटत नाहीत. कॉम्प्युटरनं दिलेले स्कोअर मात्र सगळ्यांचे झकास! शिवाय कशाला चिकटवायचं, नेमकं कुठल्या जागी, हे माणसानंच ठरवायचं, आणि माझ्या मते खरी अक्कल तिथंच लागते.

आपल्याकडं रानात साप निघतो म्हणून हे उदाहरण. साप चावल्यावर देतात ती लस, म्हणजे प्रतिविष, घोड्यांच्या रक्तातून करतात. जानेवारी 2025 मध्ये बेकरच्या गटानं नागाच्या वर्गातल्या सापांच्या विषातल्या थ्री-फिंगर टॉक्सिन या विषारी प्रोटीनला धरणारी छोटी प्रोटीन्स डिझाइन केल्याचं छापून आलं, ती दिल्यावर ते टॉक्सिन टोचलेले उंदीर वाचले. ही बॅक्टेरियात करता येतात, घोडा लागत नाही. पण घोणस आणि फुरशाचं विष वेगळ्या जातीचं, त्याला हे चालायचं नाही, आणि प्रयोग उंदरांवरचा आहे, त्यामुळं कुणाला चावलं तर मला फोन करू नका, सरळ सिव्हिल गाठा.