जर्मेनियम थंड होईपर्यंत

जर्मेनियमचा पहिला तुकडा मी धुण्यातच घालवला.

एमएस्सीला सिलिकॉनचे वेफर (पातळ चकत्या) धुवून धुवून हाताला एकच सवय लागलेली: अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी, गरम करून दहा मिनिटं. सिलिकॉनचं त्यात काही बिघडत नाही, त्याचं ऑक्साइड पाण्यात न विरघळता वर झाकण घालून बसतं. जर्मेनियमचं ऑक्साइड मात्र पाण्यात विरघळतं. म्हणजे पेरॉक्साइड ऑक्साइड तयार करत राहतं, पाणी ते नेत राहतं, आणि खालून नवा पृष्ठभाग उघडा पडत जातो. बुडबुडे बघून मला वाटलं, काय छान साफ होतंय! चिमट्याने बाहेर काढला तर आरशासारखा तुकडा नुकती टाकी लावलेल्या पाट्यासारखा खरबरीत झाला होता, आणि कडा चोखलेल्या गोळीसारख्या गोल.

मॅडम काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लावला, त्यानंतर ‘एक चकती जास्तीची मागवून ठेवू’ हे वाक्य आमच्या लॅबमध्ये कुणी उच्चारत नाही.

माझं काम ऐकायला साधं होतं. हाय-प्युरिटी जर्मेनियमची एक मिलिमीटर जाडीची चकती आली होती. सोबतच्या कागदावर लिहिलेलं, पी-टाइप (म्हणजे वीज वाहून नेणारे मुख्य वाहक धन, त्यांना ‘होल’ म्हणतात), अशुद्धी दर घन सेंटिमीटरला ३००० कोटींच्या आत. हे खरं आहे का, एवढंच मोजून सांगायचं.

३००० कोटी ऐकून मला ती अशुद्धी भरमसाट वाटली होती. पण एका घन सेंटिमीटर जर्मेनियममध्ये अणू असतात साधारण ४.४ गुणिले १० चा २२ वा घात. त्यात १००० कोटी परके धरले, तरी चार लाख कोटींहून जास्त अणूंमागे एक परका. एवढी शुद्धता कशाला लागते, तेही दादाने (माझा सीनियर) वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलं. गॅमा किरणांच्या डिटेक्टरमध्ये स्फटिकाची पूर्ण जाडी व्होल्टेज लावून मोकळ्या वाहकांपासून रिकामी करावी लागते. एक सेंटिमीटर जाडी, अशुद्धी १००० कोटी, तर साडेपाचशे व्होल्टच्या आसपास काम होतं. तीच अशुद्धी हजारपट वाढवली की उत्तर येतं साडेपाच लाख व्होल्ट. ‘आता लाव,’ म्हणाला. बदल्यात मिळतं काय, तर कोबाल्ट-६० या किरणोत्सारी स्रोताची १३३२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टची रेषा जेमतेम दोन किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट रुंदीची दिसते. सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरमध्ये त्या जागी टेकाड दिसतं.

दुसऱ्या तुकड्याला मी जिवापलीकडे जपलं. चकती मेणाने काचेवर चिकटवून डायमंडच्या करवतीने एक सेंटिमीटरचा चौकोन कापला. करवत सावकाश चालवायची, कारण जर्मेनियम दिसतं धातूसारखं पण तुटतं काचेसारखं, टच्‌कन. मग नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं मिश्रण. हायड्रोफ्लोरिक काच खातं म्हणून टेफ्लॉनचा बीकर, हातात दोन-दोन ग्लोव्ह्ज, आणि फ्यूम हूडशेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलची (या ॲसिडने भाजलं तर लावायची) ट्यूब उघडून ठेवलेली. मिनिटभर तपकिरी धूर, मग भरपूर डीआय वॉटर (आयन काढलेलं शुद्ध पाणी), मग कोरड्या नायट्रोजनचा झोत. तुकड्यात स्वतःचं नाक दिसलं तेव्हा जिवात जीव आला.

चार कोपऱ्यांना इंडियम-गॅलियमचा थेंब टूथपिकने घासून लावला. हे मिश्रण खोलीच्या तापमानाला पाऱ्यासारखं पातळ असतं आणि पी-टाइप जर्मेनियमवर चांगला ओहमिक जोड (करंट दोन्ही दिशांना सारखाच जाऊ देणारा) देतं. करंट-व्होल्टेजचा आलेख सरळ रेषेत आला. मी खूश होऊन तिथल्या तिथे हॉल मेजरमेंट (तुकडा चुंबकात ठेवून वाहकांचं चिन्ह आणि संख्या मोजणं) घेतलं.

आणि यंत्र म्हणालं, एन-टाइप. म्हणजे वाहक ऋण, इलेक्ट्रॉन.

तारा उलट्या लावल्या असतील म्हणून सगळं सोडवून परत जोडलं. एन-टाइप. चुंबकाची दिशा तपासली. एन-टाइप. रोधकता (पदार्थ वीज किती अडवतो ते) ४६ ओहम-सेंटिमीटर. चकतीच चुकीची आली, अशी मेल मी पुरवठादाराला लिहायला घेतली होती. दादाने ती मागून वाचली आणि खुर्ची ओढून बसला.

‘खोलीच्या तापमानाला जर्मेनियम स्वतःच किती वाहक तयार करतं?’

घन सेंटिमीटरला साधारण २४ लाख कोटी. बॅंडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) जेमतेम ०.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यावर दुसरं काय होणार! त्या गर्दीत माझे दोन-तीन हजार कोटी परके म्हणजे पंढरीच्या वारीत हरवलेलं पोर. इलेक्ट्रॉन आणि होल दोघंही सारख्याच संख्येने असतात, पण इलेक्ट्रॉन दुप्पट चपळ, म्हणून हॉलचं चिन्ह त्यांचंच लागतं. थोडक्यात, मी चकती मोजलीच नव्हती, फक्त खोलीची उष्णता मोजली होती. मेल खोडली.

द्रव नायट्रोजनचा दिवस उजाडला. ७७ केल्व्हिन, उणे १९६ सेल्सिअस. लॅबच्या मामांनी टाकी ढकलत आणली, क्रायोस्टॅट (तुकडा थंड ठेवायचं भांडं) भरला, तापमान उतरलं, पण आकडा स्थिर होईना. मी ट्यूबलाइट बंद करून स्विचच्या शेजारी वही शोधत होते, तेवढ्यात स्क्रीनवरची रोधकता चढली. परत लाइट लावला, उतरली. क्रायोस्टॅटच्या काचेच्या खिडकीतून उजेड आत जाऊन स्फटिकात वाहक तयार करत होता. मामांनी कुठूनसं काळं कापड आणून दिलं. ते गुंडाळेपर्यंत संध्याकाळ झाली. घाईत क्रायोस्टॅट पूर्ण गरम व्हायच्या आधी उघडला, तुकड्यावर दव धरलं, आणि पृष्ठभाग पुन्हा धुण्यापासून सुरुवात.

सुकायची वाट बघताना एक उद्योग केला. शेजारच्या टेबलावर थर्मल कॅमेरा होता (त्याची लेन्सही जर्मेनियमचीच), त्याच्यासमोर उरलेला तुकडा धरला. डोळ्यांना तो करडा, पूर्ण अपारदर्शक. स्क्रीनवर मात्र त्याच्यापलीकडची माझी बोटं उजळ दिसत होती, फक्त थोडी मंद. अपवर्तनांक चार असल्यामुळे निम्म्याहून जास्त किरण पृष्ठभागांवरच परत फिरतात, म्हणून लेन्सला कोटिंग लागतं. मामा म्हणाले, ‘पातेल्याच्या झाकणातून आत बघितल्यासारखं आहे.’

तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला, काळ्या कापडाखाली, ७७ केल्व्हिनला आकडा बसला. चिन्ह धन. रोधकता सात हजार ओहम-सेंटिमीटरच्या घरात, होलची मोबिलिटी (चपळाई) खोलीतल्या १९०० वरून बेचाळीस हजारांजवळ. मी मॅडमना मेसेज टाकला: पी-टाइप, २१०० कोटी.

लगेच उत्तर आलं. ‘लाइट बंद होता ना?’

होता.