उज्जैनला जाताय? महाकालसोबत सुभेदारांचं गावही बघा

इंदूरहून उज्जैन जेमतेम ५५ किलोमीटर, त्यामुळे आपल्याकडचे लोक सकाळी निघतात, महाकालचं दर्शन घेतात आणि जेवायला घरी परत. यावेळी पुण्याहून आत्या आणि काका आले होते, म्हणून म्हटलं पूर्ण दिवस देऊ आणि या गावावर कुणाकुणाचं राज्य होतं त्या हिशोबाने फिरू.

फिरताना एक गोष्ट सारखी जाणवली, की इथे स्वतःच्या राजांइतकेच बाहेरून पाठवलेले कारभारी महत्त्वाचे होते. सुरुवात राजाचीच, बुद्धाच्या काळातला अवंतीचा चंड प्रद्योत, पण मौर्यांच्या वेळी सम्राट व्हायच्या आधीचा अशोक इथे प्रांताचा कारभार बघायचा, वडील बिंदुसार आजारी पडल्यावर इथूनच पाटलीपुत्राला गेला आणि त्याचा मुलगा महेंद्र याचा जन्म उज्जैनचा असं श्रीलंकेचे बौद्ध ग्रंथ सांगतात. मग शक क्षत्रप (मुळात प्रांताधिकाऱ्याची पदवी) चष्टन, ज्याची राजधानी म्हणून ग्रीक भूगोलकार टॉलेमीने उज्जैनची नोंद केलीये, आणि त्याचा नातू रुद्रदामन, जुनागढच्या शिलालेखवाला. या काळाचं वर फारसं काही उभं नाही, गढकालिका मंदिराकडचा जुना गढ म्हणजे त्या काळचं गाव, तिथे माती आणि टेकाडंच दिसतात, तरी जा. भर्तृहरी गुफा तिथून जवळ आहे.

सकाळी पहिली वेधशाळा करा. जयपूरच्या सवाई जयसिंगांनी मुघलांचे माळव्याचे सुभेदार असताना ती बांधली, आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली. ऊन पाहिजे बरं का, ढगाळ दिवशी सम्राट यंत्रावर, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळावर, वेळ कशी वाचणार! तिथल्या तक्त्यावरून फरक मिळवला की घड्याळाची वेळ जुळते, काका अर्धा तास हलले नाहीत. कर्कवृत्त जवळ असल्यामुळे २१ जूनच्या आसपास भर दुपारी सावली जवळजवळ गायब होते, जमलं तर तेव्हाच या.

महाकालला सोमवार, श्रावण आणि नागपंचमी टाळा, भस्मारतीचं बुकिंग आधी करा, मोबाईल लॉकरमध्ये ठेवा. दिल्लीचा सुलतान अल्तमश याच्या १२३५ च्या स्वारीत जुनं मंदिर पाडलं गेलं, आणि आत्ता आपण जिथे हात जोडतो ते मराठ्यांचं काम आहे, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी १७३० च्या दशकात उभं केलेलं. रांगेतल्या मराठी माणसांनाही हे माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाहेर पडलात की चालत चौबीस खंबा गाठा, बहुतेक लोक शेजारून निघून जातात. जुन्या दरवाज्याचे खांब आणि महामाया, महालया या देवी. शारदीय नवरात्राच्या अष्टमीला इथे जिल्ह्याचे कलेक्टर देवीला मद्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग नगरपूजा निघते, विक्रमादित्यापासूनची प्रथा मानतात. राजा महाकालच, बाकी कुणी राज्यकर्त्याने इथे रात्री मुक्काम करायचा नाही ही समजूतही इथलीच, आणि मला वाटतं कारभाऱ्यांच्या या गावाला ती शोभते.

छत्री चौकात गोपाळ मंदिर बघा, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलेलं. शिंद्यांची राजधानी आधी उज्जैनच होती, १८१० मध्ये दौलतराव लष्करला, म्हणजे ग्वाल्हेरला गेले. त्याआधी १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांची फौज हरवली आणि त्याच वर्षी शिंद्यांच्या लोकांनी आपलं इंदूर लुटलं, हे ऐकून आत्या बराच वेळ गप्प होती. दुपारी मंदिराचे पट बंद असतात, तेव्हा चारनंतरच जा.

शेवटी क्षिप्रेकाठचा कालियादेह महाल, माळव्याच्या सुलतानांच्या काळचा, गावापासून जरा लांब आहे. रिक्षा जाऊन-येऊन ठरवा आणि तिथे थांबायला सांगा, तिकडून परतीला सहज काही मिळत नाही.