तुम्ही विचारलंत म्हणून : फौजी वडिलांचं आयुष्य लिहायचं तरी कुठून?

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडण्यातल्या घरांतून हा प्रश्न सारखा येतो. वडील फौजेत होते, आता नाहीत, मुलांना त्यांच्याविषयी काहीतरी लिहून ठेवायचंय. पण हाताशी आहेत एक फोटो आणि चार पदकं. ‘ते घरी फारसं बोलायचेच नाहीत,’ हे वाक्य तर ठरलेलंच.

शौर्यापासून सुरुवात करू नका. आधी डिस्चार्ज बुक शोधा. त्यात सेवा क्रमांक, भरतीची नि निवृत्तीची तारीख, हुद्दा, पदकं असतात. ते हरवलं असेल तर पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश बघा, सेवा क्रमांक तिथे सापडतोच. तो मिळाला की वारसाला वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज करता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. दुसऱ्या रेजिमेंटचं वा कोरचं असेल तर पत्ता वेगळा.

गोव्यात एक अडचण हमखास येते. 1961 पूर्वी जन्मलेल्यांची जन्मनोंद पोर्तुगीज वळणाची, आणि भरतीच्या वेळी नाव लिहिलं गेलं हिंदी-इंग्रजी उच्चारानं. ‘श’च्या जागी तिकडे एक्स, इकडे एसएच. जन्मतारीखही कधी जुळत नाही. अर्जात फौजेच्या कागदावरचं नाव जसंच्या तसं लिहा. तुम्हाला बरोबर वाटतं ते लिहिलंत तर नोंद सापडायला त्रास होतो.

पदकांची कड तिरप्या उजेडात वाचा. तिथे सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. लिंबू, चिंच, ब्रासो काही लावू नका, घासून अक्षरं झिजतात. पदकाचा अर्थही नीट बघा. संग्राम मेडल 1971च्या युद्धात आणि पुढच्या वर्षभरात सीमेवरच्या राज्यांत नेमणूक असलेल्यांना सरसकट मिळालं. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रासाठी पश्चिमी स्टार नि पूर्वी स्टार वेगळे आहेत. संग्राम मेडलवरून ‘बांगलादेशात लढले’ असं लिहिलं तर पुढची पिढी ते खरं धरून चालते. त्या माणसाच्या नोकरीला अशा भरीची गरज नसते.

आता खरं काम. मोठ्या कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे साल आणि पोस्टिंग. उजवीकडे त्याच साली घरात काय घडलं ते : लग्न, बाळंतपण, मुलाचं शाळेत नाव, घराचे नळे (कौलं) परतले, शेत गहाण पडलं किंवा सोडवलं. लग्न आणि मुलांचे जन्म फौजेच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे शिपायाच्या वैयक्तिक नोंदींच्या आदेशात असतात, म्हणून तारखा तिथून घ्या. कोणत्या चवथीला (गणेशचतुर्थीला) ते घरी होते, कोणत्या नव्हते, हे आईला विचारा. तिला साल आठवणार नाही, पण ‘थोरली रांगत होती तेव्हा’ हे पक्कं आठवेल, आणि त्यावरून साल काढता येतं. शिपायाला वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा. ती त्यांनी पावसाळी शेताला दिली, चवथीला की बहिणीच्या लग्नाला, यातून माणूस कळतो. माझ्या मते हा उजवा रकानाच चरित्राचा गाभा आहे, आणि लिहिणारे नेमका तोच सोडतात.

जुनी पत्रं सापडली तर लिफाफा फेकू नका. त्यावरचा एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. 56 एपीओ म्हणजे साधारण पश्चिमेकडची नेमणूक, 99 एपीओ म्हणजे पूर्वेकडची. शिक्क्यावरची तारीख रकान्यात भरा. मनीऑर्डरच्या पावत्याही ठेवा.

सोबती म्हातारे झालेत, म्हणून कागद मिळायची वाट न बघता त्यांना आधी गाठा. त्यांना लढाईचं विचारू नका. घरचं पत्र कोण वाचून दाखवायचं, रात्रीच्या पहाऱ्यात काय बोलायचे, पगारातलं घरी किती जायचं, हे विचारा. बोलणं तिथून मोकळं होतं.

हे सगळं गोव्याच्या पावसात टिकवायचंय. कागद लॅमिनेट करू नका, एकदा चिकटलं की निघत नाही. फोटोमागे नावं पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनची शाई आणि दाब पुढून दिसतो. ट्रंक जमिनीवर नको, वाळवी खालून येते. 600 डीपीआयनं स्कॅन करून प्रती सगळ्या भावंडांकडे द्या, आणि मूळ डिस्चार्ज बुक आईकडेच राहू द्या. कुटुंब पेन्शनच्या कामाला ते तिला लागेल.